काशीनानांचा बुटका

आमच्या नागावात लोभाची गोष्ट निघाली की आजही काशीनानांचं नाव निघतं. चहाच्या टपरीवर निघतं, लग्नाच्या मांडवात निघतं. "काशी राऊताचं झालं तसं होईल बघ," असं म्हणून लोक दुसऱ्याला शहाणपण शिकवतात. मी तिथे असले की उठून घरी येते. बसले तर तोंड उघडेल, आणि तोंड उघडायचं नाही असं मी कबूल केलं होतं. आता गेल्या मार्गशीर्षात त्यांची बायको, येसूकाकू, गेली. ज्या एका माणसापासून लपवायचं होतं तेच उरलं नाही. म्हणून लिहिते.

त्यांची वाडी आणि माझी वाडी यांच्यात एक कुंपण. मी चार खोल्या पाहुण्यांना भाड्याने देते. समुद्र दोन मिनिटांवर आहे म्हणून सांगते, चालायला बारा लागतात. म्हणजे खोटं बोलायची सवय मला आहे. पण काशीनानांसाठी जे खोटं बोलले ते अजून घशात अडकलेलं आहे.

काशीनाना म्हणजे उंच, वाळका, गुडघ्यापर्यंत पंचा, आणि बारमाही तोंडात सुपारीचं खांड. बोलणं कमी. दीड एकराची वाडी, साठ-सत्तर माड, पोफळी, जायफळाची चार झाडं. पण त्यांना बघायला माणसं यायची ती माडांसाठी नाही, बुटक्यासाठी. विहिरीच्या पूर्वेला, सावली आणि ऊन अर्धं-अर्धं पडेल अशा जागी, दगडाच्या चौथऱ्यावर एक निळसर उथळ, कडेला तडा गेलेली कुंडी होती, आणि तिच्यात दीड हात उंचीचं जपानी सुरूचं झाड. खोड मनगटाएवढं, पीळ घातलेलं. मुंबईचे लोक त्याला बोन्साय म्हणत. नाना म्हणत, "बोन्साय तुमचं. आमचा बुटका."

त्याला पाणी घालायची त्यांची रीत ठरलेली. नळाचं नाही, पंपाचं नाही. विहिरीतून पोहरा काढायचा, तासभर सावलीत ठेवायचा, मग बुडाला बारीक भोकं पाडलेल्या करवंटीने शिंपायचं. किती घालायचं ते कधी ठरलेलं नसे. आधी बोटांच्या मागच्या बाजूने पाल्यावरून हात फिरवायचा, मग मातीवर पालथी मूठ टेकवायची, मग ठरवायचं. मी एकदा विचारलं, "नाना, रोज दोन करवंट्या असं काही नाही का?" तर म्हणाले, "मोजून देतात ते पाहुण्याला. झाडाला बघून घालायचं." पुतणीच्या लग्नात पंगत बसलेली, वाढप चाललेलं, आणि हा माणूस चार वाजले म्हणून ताटावरून उठून वाडीत आला. सोयरे रुसले ते रुसले.

आणि त्या झाडाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही, येसूकाकूनेसुद्धा. ती चौथऱ्यापासून दोन पावलं लांबून झाडू मारायची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने हौसेने बुटक्याला हळदीकुंकू वाहिलं होतं, तर नानांनी ते एकेक कण करून फुंकून काढलं आणि म्हणाले, "ह्याच्यापासून लांब राहायचं." त्यावर ती चाळीस वर्षं त्याला 'माझी सवत' म्हणायची. हसत म्हणायची, पण कुठलीही बाई हे नुसतं हसण्यासाठी म्हणत नाही.

झाड इथे आलं कसं, ती गोष्ट नाना पाहुण्यांना सांगत. कुणी विचारलं म्हणून नाही, मनात आलं तरच.

त्यांच्या आज्याच्या वेळी समुद्राच्या बाजूला एका मुंबईच्या शेटचा बंगला होता. शेटचा कापूस बोटीने जपानला जायचा. तिकडे त्या काळात बुटकी झाडं परदेशी पाठवायचा धंदा नुकता वाढीला लागला होता. छापील यादी यायची, यादीत चित्रं, चित्राखाली झाडाचं वय. विलायतेच्या बड्या घरांतून असली झाडं ठेवायची टूम आली होती, म्हणून शेटलाही हवी झाली. कापसाची बोट परत येताना चौदा झाडं आली. फळ्यांच्या उघड्या पेट्या, मातीवर ओलं शेवाळ, वरून पेंढ्याच्या दोरीने कुंडी अशी आवळलेली की पेटी उलटी केली तरी चिमूटभर माती सांडू नये. नानांचा आजा शेटचा माळी. पेट्या त्याने उघडल्या. पेट्यांबरोबर एक लांबलचक कागद होता, झाडांचं काय करायचं ते इंग्रजीत लिहिलेलं. तो कागद मुनीमजीने फायलीला लावला. माळ्याला कशाला वाचून दाखवायचा?

शेटने झाडं दिवाणखान्यात मांडली. आत ना ऊन ना वारा. शेटच्या मेमसाहेबांना गालिचा ओला झालेला चालायचा नाही, म्हणून चमच्याने पाणी. एकेक करत तेरा मेली. प्रत्येक मेलं की आज्याला बोलावून सगळ्यांसमोर शिव्या. चौदाव्याची कुंडी पेटीतच तडकली होती, ते शोभेचं नव्हतं, म्हणून शेट म्हणाला फेकून दे. आज्याने ते विहिरीपाशी ठेवलं आणि रोज बघत बघत स्वतःच शिकला. तेच हे. पुढे बंगला विकला गेला तेव्हा शेटच्या नातवाने विचारलंसुद्धा नाही, झाड राऊतांच्या वाडीत आलं.

एकदा एका नव्या व्हिलाचा मालक आला, ते हवंच म्हणून अडून बसला. नानांनी एवढंच विचारलं, "कुठं ठेवणार?" तो म्हणाला, हॉलमध्ये, एसी आहे. नानांनी सुपारीचं खांड या गालातून त्या गालात घेतलं. "हॉलमध्ये तेरा मेली हायत. चौदावं कशाला?" आणि उठून वाडीत निघून गेले. तो माणूस ओटीवर बसून राहिला, शेवटी काकूने त्याला कोकम सरबत देऊन वाटेला लावलं.

मग कुणा पाहुण्याने कुंडीखालच्या शिक्क्याचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला, आणि वर्षभराने माझ्या होमस्टेच्या पत्त्यावर जपानहून मेल आला. तिथल्या एका जुन्या रोपवाटिकेचा. शिक्का त्यांच्या पणजोबांचा. त्या काळात बोटीने गेलेली त्यांची बहुतेक झाडं मेली, कुठे किती जगली याचा ते शोध घेत होते. हे झाड परत मिळेल का, नानांना योग्य वाटेल तो मोबदला देऊ, असं फार अदबीने लिहिलं होतं. फक्त एक अट, आणि ती त्यांची नाही, कायद्याची. झाड एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचं तर मुळांना मातीचा कणसुद्धा चालत नाही. मुळं पाण्याखाली धुवून नागडी करायची.

मी वाचून दाखवलं. नाना उठून बुटक्याच्या मातीवर पालथी मूठ टेकवून आले. मग म्हणाले, "लिही त्यांना. झाड मजेत हाय. येताना आपली माती घेऊन आलं, आता माती हितंच ठेवून या म्हणता, ते जमायचं न्हाय. पन तुम्ही कधी आलात तर जेवायला या." मी तसंच्या तसं लिहिलं. दर वर्षी त्यांचा मेल यायचा, दर वर्षी हेच उत्तर जायचं. गावालाही हे ठाऊक होतं. काशीनाना पैशाला भुलत नाही याचा आम्हाला जरा गर्वच होता.

मग एका वर्षी मोठं वादळ आलं, त्या दिवशी माझ्या दोन खोल्यांचे पत्रे गेले. नानांचे चाळीस माड आडवे झाले. वारा थांबल्यावर मी कुंपण ओलांडून गेले तर नाना मोरीत उकिडवे बसलेले, मांडीवर बुटका, वर पाठीची कमान. काकूच्या कपाळाला कौल लागून रक्त आलेलं. ती मला म्हणाली, "बघ गो मंदे. बायको भायेर, सवत मांडीवर." नानांनी वर बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्या माणसाच्या तोंडावर लाज दिसली. उठले, झाड खाली ठेवलं, काकूचं कपाळ पुसलं. बोलायची कला त्या घराण्यात नव्हतीच मुळी.

पुढच्या फाल्गुनात त्यांना झटका आला. डावी बाजू लुळी. आधी अलिबागला नेलं, तिथून पनवेलला. गाडीत घालताना त्यांची जीभ जड झाली होती. सगळे विचारताहेत काय हवं, काय होतंय, आणि ते काकूकडे बघून म्हणाले, "येसू, झाडाला बघ."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. काकू गाडीबरोबर गेलीच नाही. भाचा गेला. गावातल्या बायकांनी नावं ठेवली, नवरा मरणाच्या दारात आणि ही घरी. पण मला विचाराल तर त्या बाईला आयुष्यात कुणी पहिल्यांदा किल्ली दिली होती. ती तेवीस दिवस चौथऱ्यापाशी बसून होती. पोहरा सावलीत ठेवायचा, करवंटीने शिंपायचं, सगळं लांबून बघून पाठ झालेलं. एक दिवस मला म्हणाली, "मंदे, पाला जरा मलूल दिसतो का गो?" मला तर काहीच दिसलं नाही. म्हटलं, "काकू, मनाचे खेळ आहेत तुझ्या."

चैत्र लागला आणि नाना आले. काठी टेकत, पाय ओढत, घरात न शिरता सरळ विहिरीकडे. काकू पदर खोचून चौथऱ्याशेजारी उभी. परीक्षेचा निकाल लागायचा असतो तशी उभी होती ती. म्हणाली, "बघा. एक काडी सुकू दिली न्हाय."

झाड हिरवंगार होतं. नानांनी उजव्या हाताची बोटं पालथी करून पाल्यावरून फिरवली, आणि हात तिथेच थांबला. मातीची चिमूट घेतली आणि जिभेला लावली.

"काय काय घातलंस गो?" अगदी मऊ आवाजात विचारलं.

काकू उत्साहाने सांगू लागली. "पानी तर तुमच्यासारखंच. मधे जरा मलूल वाटला, मंग सुक्या मासळीचा कुटा घातला, आनि चांगलं दोन ओंजळी मीठ घातलं. माडाला घालते तसं. पडून राह्यलेले माडबी उठतात त्यानं."

आमच्याकडे माडाला मीठ घालतात. आळं करून मूठ-मूठ मीठ, वर कुटा, पिढ्यान्‌पिढ्या. माडाला मानवतं. काकूच्या हातचे माड गावात सगळ्यांत भरलेले. ती जे आयुष्यभर उत्तम करत आली तेच तिने बुटक्याला केलं. त्यात काही वावगं आहे हे मलासुद्धा तेव्हा कळलं नाही.

नाना म्हणाले, "छान ठेवलंयस, येसू." काकू आत चहा टाकायला गेली ती गुणगुणत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू देवळात गेलेली बघून नानांनी मला कुंपणातून हाक मारली. खोडाच्या मागल्या बाजूला नखाने जरासं खरवडून दाखवलं. साल आतून हिरवी असायला हवी. ती कोरडी, तपकिरी होती. तीन-चार ठिकाणी दाखवलं. सगळीकडे तेच.

"गेलं हे. माझ्या यायच्या आधीच गेलं," ते म्हणाले.

"नाना, पण हिरवं आहे की."

"सुरूची जात खोटं बोलते मंदे. मेल्यावर महिना दीड महिना पाला हिरवा ठेवते. मंग एकदम लाल पडंल. तवा तिला कळंल."

त्यांना रडू आलं होतं, पण अर्ध्या चेहऱ्यालाच येत होतं, दुसरा अर्धा तसाच. मी म्हटलं, "काकूला समजावून सांगू. मुद्दाम का केलं तिने?"

"मुद्दाम केलं असतं तर तिला सांगितलं असतं," ते म्हणाले. "आज्याला कागद कुनी वाचून दावला न्हाय म्हनून मी मुनीमाला शिव्या देत जलम काढला. आनि मी? चाळीस वर्षं जवळ येऊ दिली न्हाय तिला. ह्याला काय चालतं, काय न्हाय, कधी सांगितलं? मंग मारलं कुनी?"

मग त्यांनी मला सांगितलं काय करायचं ते. मी नको म्हटलं, हात जोडले. ते म्हणाले, "नाव माझं हाय. माझ्याबरोबर जाईल. तिला अजून जगायचं हाय."

त्याच संध्याकाळी मी गावात सांगितलं की काशीनाना कबूल झाले, बुटका जपानला चालला. मेल मी लिहिलाच नव्हता. दवाखान्याचा खर्च झालाय, म्हणून विकतोय, असं नाना स्वतः देवळाच्या पारावर बोलले. ऐकणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. आणि मुळं येत्या रविवारीच धुवायची, तिकडची माणसं थांबायला तयार नाहीत, असंही ते म्हणाले. भर चैत्रातल्या उन्हात मुळं उघडी करायची नसतात, थंडीत करायची, हे गावातल्या चार हौशी लोकांना नानांनीच शिकवलं होतं. त्यांनी येऊन सांगितलं, "नाना, मरंल ते." नाना म्हणाले, "माझं झाड हाय. मरंल न्हायतर जगंल."

काकूला आधी खरंच वाटेना. वाटलं तेव्हा तिने चूल पेटवली नाही.

रविवारी सकाळी विहिरीवर पंधरा-वीस माणसं जमली. नानांचा एक हात चालत नव्हता, म्हणून पाणी मी ओतत होते. त्यांनी कुंडीतून झाड उचलून पाटावर आडवं ठेवलं आणि सगळ्यांकडे पाठ करून बसले. मुळं काळी पडली होती, बोटाने दाबली की साल निसटून यायची. ते मी बघितलं आणि त्यांनी बघितलं, बाकी कुणाला त्यांनी बघू दिलं नाही. काकू येऊन त्यांचा हात धरू लागली. "नका हो धुवू. मी येवढं जपलं. माझ्यासाठी ठेवा."

"सर बाजूला," ते ओरडले. "तुला काय कळतंय झाडातलं?"

मी त्यांना येसूकाकूवर ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ती दोन पावलं मागे गेली, बरोबर जिथे चाळीस वर्षं उभी राहायची तिथे, आणि तिथेच मटकन खाली बसली. बायकांनी तिला धरलं. मी पोहरा खाली ठेवला. नाना खालच्या आवाजात म्हणाले, "ओत गो. ओत."

माती धुतली तसं मीठही धुतलं गेलं. ते वाहून माडांच्या पाटात गेलं. न्यायचे कागद यायचे आहेत असं सांगून झाड ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं, आणि अठराव्या दिवशी पाला लाल पडला. गावाने काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. पोरंटोरंसुद्धा विचारायची, "काय नाना, जपानला कधी?" पारावर ते आले की गप्पा थांबायच्या. दोन-चार वेळा गेले, मग जायचे बंद झाले. जे लोक झाड बघायला यायचे ते यायचे बंद झालेच होते.

जपानला मात्र मी खरं लिहिलं, सगळं, मिठापासून. उत्तर आलं की जिथून झाड निघालं त्या बागेत त्यांनी उदबत्ती लावली, आणि इतकी वर्षं ज्यांनी सांभाळलं त्या घराला त्यांचा नमस्कार. ते मी नानांना एकटं गाठून वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. काकूने त्यांचं सगळं केलं. अंघोळ घातली, औषधं दिली, आणि हे करताना रोज न चुकता सुनावलं. "तेवीस दिवस माझ्या हाताखाली होतं, कसं हिरवं होतं. तुमी आलात आनि मारलात." पाहुण्यांना सांगायची, औषध द्यायला येणाऱ्या नर्सला सांगायची. नाना मान हलवायचे. एकदा माझा संयम सुटला, तोंड उघडलं होतं मी, पण त्यांनी उशीवरून माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्ताने उठले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते जायच्या आठ दिवस आधी. दुसरा झटका येऊन गेलेला, वाचा जवळजवळ गेलेली. ओटीवर खाट टाकली होती. काकू वाटीतून पेज भरवत होती, अर्धी ओघळत होती, आणि तोंडाने तेच चाललेलं. मग हात थांबवून, कुणास ठाऊक कशी, तिने त्यांना सरळच विचारलं. "खरं सांगा. माझ्याच हाताखाली ऱ्हायलं असतं तर जगलं असतं ना ते?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग ओठ हलायला लागले. शब्द बाहेर यायला किती वेळ लागला काय सांगू, प्रत्येक शब्दासाठी श्वास घ्यावा लागत होता. "व्हय, येसू. तुझ्या हातानं... जगलं असतं."

काकूने पदराने त्यांची हनुवटी पुसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस ना मंदे? ऐकलंस?" मी ऐकलं म्हटलं. मग तिने वाटी पुन्हा उचलली, आणि त्या संध्याकाळी एकही शब्द न बोलता त्यांना सगळी पेज भरवली.